अवघड वेगळं, धोक्याचं वेगळं

मांजरी बुद्रुक २०२१ साली पुणे महापालिकेत आली. गाड्या तिथं त्याच्या कितीतरी आधी आल्या होत्या. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, उपबाजारात भाजी उतरवणारे टेम्पो, सोलापूर रस्त्यावरच्या मालमोटारी आणि अलीकडं हडपसर-मगरपट्ट्यात कामाला जाणाऱ्यांच्या मोटारी. गाड्यांमागून गॅरेजं आली. पत्र्याची शेड, दाराशी टायरांची चळत, आत तेल मुरून काळी पडलेली जमीन. आता त्याच गावात उंच सोसायट्या उभ्या आहेत आणि त्यांच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी कुणीतरी मोबाइल बॉनेटच्या कडेला टेकवून, व्हिडिओ पाहत पाहत, स्वतःच गाडी उघडून बसलेलं असतं.

शेड आणि तळघर यांच्यातला हा संवाद आहे. मामांची नोकरी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत झाली. निवृत्तीनंतर त्यांनी मांजरीत छोटं गॅरेज टाकलं. भाची सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम कुठं मोडेल हे शोधण्याचाच तिला पगार मिळतो. गाडीचं काम सुरक्षित व्हावं असं दोघांनाही वाटतं. एकमत तेवढ्यावरच संपतं.

भाची : मामा, पुढची सर्व्हिसिंग मी घरीच करणार. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड. यातलं एकही काम मला अवघड वाटत नाही.

मामा : अवघड नाहीच. गाडी उचलणार कशानं?

भाची : डिकीत जॅक आहे की.

मामा : तो पंक्चर झाल्यावर चाक बदलायला दिलाय. तेवढ्यापुरता. त्यावर गाडी ठेवून कुणी खाली शिरायचं नाही, असं कंपनीनं पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक गाडी विकेपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशवीतच राहतं, ही गोष्ट वेगळी. लहान मोटार धरली तरी सात-आठशे किलो भरते. जॅकचा पाय बोटभर सरकला की ती खाली येते. अंग काढून घ्यायला वेळ मिळत नाही.

भाची : मग स्टँड घेते. वजनाला पुरतील असे, दोन.

मामा : घे. आम्ही त्याला घोडी म्हणतो. पण घोडी उभी कशावर करणार? माझ्या शेडबाहेर काळी माती आहे. मे महिन्यात कडक, जुलैत पाय रुतेल अशी. तिच्यावर घोडी ठेवायची तर खाली जाड फळी नाहीतर लोखंडी प्लेट लागते. तुझ्या तळघरात काँक्रीट आहे, पण पाणी निघून जावं म्हणून त्याला ढाळ दिलेला असतो. डोळ्याला सपाट दिसतं, गाडीला ते कळतं.

भाची : हँडब्रेक ओढेन, गिअरमध्ये ठेवेन.

मामा : पुढची बाजू उचलणार की मागची?

भाची : त्यानं काय फरक पडतो?

मामा : सगळाच. हँडब्रेक बहुतेक मोटारींत मागच्या चाकांना लागतो. पुढची बाजू उचललीस तर मागची चाकं जमिनीवर असतात आणि हँडब्रेक गाडीला धरून ठेवतो. मागची बाजू उचललीस तर ज्या चाकांना ब्रेक लागलाय तीच हवेत. मग गाडी उरली नुसत्या गिअरच्या भरवशावर. म्हणून जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावायचे. रस्त्यावरचा गोटा नको, तो फुटतो नाहीतर निसटतो.

भाची : व्हिडिओत ठोकळे दिसले होते. ते का लावायचे, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : कारण ठाऊक नसलं की माणूस ठोकळा विसरतो.

भाची : मी उलट म्हणते. कारण चांगलं ठाऊक असलेलाच जास्त विसरतो. 'मला कळतंय, दोन मिनिटांचं तर काम आहे' म्हणतो आणि तसाच खाली शिरतो. म्हणून मी यादी लिहून काढणार आणि एकेक टिक करणार. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट अर्धा फेरा ढिले करायचे. ठोकळे लावायचे. जॅक कंपनीनं दाखवलेल्या खाचेतच बसवायचा, पातळ पत्र्याखाली नाही. घोडी लावून भार हळू सोडायचा. हाताने गाडी हलवून बघायची. काढलेलं चाक गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे घोडीनं दगा दिलाच तर मधे काहीतरी राहील. एवढं झालं की मग हात आत.

मामा : चाकाचं कुठं शिकलीस?

भाची : तुम्ही करता ते बघून. आणि चाक परत लावताना नट गोल क्रमानं नाही, समोरासमोरचे आवळायचे. शेवटचं आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर. तेही टॉर्क पान्यानं, पुस्तकात दिलेल्या आकड्याएवढं.

मामा : पान्यावर उभं राहून नट आवळणारे बघितलेत मी. बोल्ट ताणला जातो, आटे जातात, आणि पुढच्या पंक्चरला रस्त्यात तोच नट सुटत नाही. बरं, बॅटरी काढायची वेळ आली तर आधी कुठली वायर?

भाची : निगेटिव्ह. लावताना तीच शेवटी. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पान्याचं दुसरं टोक बॉडीला लागलं तर सरळ शॉर्ट. निगेटिव्ह आधीच सुटलेली असली तर पाना लागूनही काही होत नाही.

मामा : बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बॅटरीला हसतात. पण शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर वाहतात. पाना तापून लाल होतो. बोटातली अंगठी मधे सापडली तर बोट भाजून निघतं. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिथं ठिणगी उडाली की बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येतं. म्हणून दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावायचा नाही. इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब लावायचा.

भाची : अंगठी, कडं, घड्याळ, ओढणी, मंगळसूत्र आधीच काढून ठेवायचं. केस बांधायचे. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. चावी काढलेली असली तरी इंजिन तापलेलं असेल तर काही गाड्यांत तो आपणहून फिरायला लागतो.

मामा : म्हणजे धोका तू वाचलास. पण काही धोक्यांचा वास येतो, काहींचा आवाज येतो. नट आटे खातोय हे हाताला कळतं, डोळ्याला नाही. बेअरिंग गेलंय हे कान सांगतो. तुझ्या यादीत ते टिक कुठं करणार?

भाची : नाही करता येणार. म्हणून शेवटच्या ओळीत लिहिलंय, 'यादीपेक्षा वेगळं काही दिसलं की थांब.' पण नाकाचाच विषय निघालाय तर विचारते. तुमच्या शेडमध्ये सुटे भाग कशानं धुतात?

मामा : पेट्रोलनं. सगळीकडं तसंच धुतात.

भाची : कापलेल्या डब्यात ओतून, आणि पलीकडं ग्राइंडर चालू. शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतसुद्धा पेट्रोलची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते, आणि आपल्याकडं एप्रिलमध्ये पारा शून्याच्या वर चाळिशीला जातो. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते, पिटात साठून राहते. ठिणगी दहा पावलांवर असली तरी वाफ तिच्यापर्यंत जाते.

मामा : इतकी वर्षं धुतोय. काही झालं नाही.

भाची : आमच्या धंद्यात याच्याइतकं फसवं वाक्य नाही. काही झालं नाही म्हणजे पद्धत बरोबर होती असं ठरत नाही. ठिणगी आणि वाफ अजून एका वेळी एका जागी आली नाहीत, एवढंच ठरतं. आणि शेडमध्ये आग विझवायला काय आहे? पाण्याची बादली. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाणी ओतलं की आग आणखी पसरते. कोरड्या पावडरचं अग्निशामक नळकांडं दाराजवळ हवं आणि वाळूची बादली हवी.

मामा : बोल, अजून बोल.

भाची : तुमच्या हाताखालचा पोरगा ब्रेकचा ड्रम उघडला की हवेची नळी मारतो. ती काळी धूळ थेट त्याच्या नाकात जाते. जुन्या आणि स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की निघत नाहीत. धूळ ओल्या फडक्यानं पुसायची नाहीतर ब्रेक क्लीनरनं धुवायची. त्याच्या पायात चपला. डोळ्यावर काही नाही. गाडीखाली आडवं पडून वर बघत तो गंजलेला बोल्ट ठोकतो, तो गंज कुठं पडतो?

मामा : डोळ्यात. खोटं बोलणार नाही. पण आता माझं ऐक. बूट, गॉगल, धुण्याचं पाण्यात मिसळणारं डिग्रीझर, अग्निशामक, त्याचं वर्षावर्षाला रिफिलिंग. हे सगळं मजुरीत धरलं की गिऱ्हाईक बिल बघून पुढच्या शेडमध्ये जातं. तिथला पोरगाही चपलांवरच असतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू चिरडायचं आणि एरवी मजुरीत पन्नास रुपयांवरून वाद घालायचा. गॅरेजवाल्याचा निष्काळजीपणा तुम्हाला दिसतो. त्यात तुमचाही वाटा असतो, तो दिसत नाही.

भाची : हे मला खोडता येत नाही.

मामा : आणि तुझं तळघर? परवा म्हणालीस की इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत होतीस. किती वेळ?

भाची : थोडाच वेळ. उघडंच आहे की ते, रॅम्प आहे.

मामा : रॅम्प गाडीसाठी आहे, धुरासाठी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. नाकावर मी एवढा भरवसा टाकतो, पण इथं नाकही कामाचं नाही. डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं ऊन लागलं असेल. रक्तातल्या ऑक्सिजनची जागा तो वायू घेतो आणि माणूस बसल्या जागी कोसळतो. पावसात मीही शटर खाली ओढायचो. आता गाडी चालू ठेवायची असेल तर भिजलो तरी चालेल, शटर वर.

भाची : म्हणजे एक गुण तुम्हाला, एक मला.

मामा : गुण नंतर मोज. ब्रेक पॅड बदलणार म्हणालीस. सांग कसं ते.

भाची : चाक काढायचं. कॅलिपरचे दोन बोल्ट. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबू द्यायचा नाही, तारेनं बांधून ठेवायचा. जुने पॅड काढायचे, पिस्टन दाबून मागं सारायचा म्हणजे जाड नवे पॅड बसतात. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला तेलाचा हात लागू द्यायचा नाही. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे. बोल्ट आवळायचे, चाक लावायचं आणि एक चक्कर मारून यायची.

मामा : सगळं बरोबर सांगितलंस, आणि त्या शेवटच्या वाक्यात गाडी भिंतीवर घातलीस.

भाची : का?

मामा : पिस्टन तू मागं सारलायस. नवा पॅड आणि डिस्क यांच्यात फट आहे. ती भरून काढेपर्यंत पेडल नुसतं खाली जाणार. पहिल्यांदा पाय दाबशील तेव्हा ब्रेक लागणारच नाही. आणि तुझी पहिली चक्कर तळघराच्या रॅम्पवरून. म्हणून गाडी जागची हलवायच्या आधी, ठोकळे लागलेले असताना, पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचं. मग डब्यातलं ब्रेक ऑइल बघायचं. मग सपाटीवर, माणसाच्या चालीनं, दोन-तीनदा थांबून बघायचं. या कामात ताकद लागत नाही, डोकंही फार लागत नाही. ते करायचं विसरलं तर मात्र माणूस जातो.

भाची : आणि ब्रेक ऑइल स्वतः बदललं तर?

मामा : तिथं तर हात लावू नकोस. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ चं नवं ऑइल २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेलं असेल तर १५५ लाच उकळू शकतं. दिवे घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की चाकाजवळ तेवढी उष्णता होते. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. बहुतेक कंपन्या म्हणूनच दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. बदलताना नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तोच प्रकार. आजकाल एबीएस आहे. काही गाड्यांत त्याच्या आतली हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो.

भाची : थांबा मामा. मला आत्ता काहीतरी दिसलं. मी कामं सोपी आणि अवघड अशी लावली होती. चूक तिथं आहे. ती लावायला हवीत वेगळ्या प्रश्नावर. माझं चुकलं तर ते कधी कळेल? वायपर चुकीचा बसला तर पहिल्या सरीत कळतं. एअर फिल्टरचं झाकण, केबिनचा फिल्टर, बल्ब, टायरमधली हवा, हे बहुतेक जागच्या जागी कळतं. इंजिन ऑइल कमी पडलं तर जरा उशिरा. खाली डाग दिसतो, डिपस्टिक सांगते, तिकडं दुर्लक्ष केलं तर दिवा लागतो. पण ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन? तिथली चूक ऐंशीच्या वेगात कळते, आणि तीही फक्त मलाच नाही. समोरून येणाऱ्यालाही.

मामा : एवढं कळायला तुला माझी गरज होती, आणि म्हणे व्हिडिओ पुरे.

भाची : गरज होती, मान्य. पण अवघड वेगळं आणि धोक्याचं वेगळं, हे तुम्हीही कधी असं बोलून दाखवलं नव्हतं. ते तुमच्या हातात होतं, तोंडात नव्हतं. हातातलं ज्ञान माणसाबरोबर जातं, पोरग्याला मिळत नाही. म्हणून ते लिहिलेलं हवं.

मामा : मग लिहून घे. तुझ्या तीन ढिगांत चौथा घाल. ज्याला चुकायची एकदाही संधी नाही, असा. गाडी बंद केली म्हणजे ती निवांत झाली असं लोकांना वाटतं. ती निवांत नसते. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरवरची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. योग्य अवजार न लावता वरचा नट सोडला तर ती तोंडावर येते. रेडिएटरमध्ये दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि ते क्षणात उकळून वाफेसकट बाहेर येतं. मांजरीच्या रेल्वे फाटकावर रांगा लागायच्या तेव्हा तापलेल्या गाडीचं बॉनेट उघडून लोक तेच झाकण फडकं घेऊन फिरवायला जायचे. गाडी हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं, दुसरा इलाज नाही.

भाची : आणि सांडलेलं कुलंट पुसून टाकायचं. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड. सोसायटीतली कुत्री चाटतात.

मामा : नव्या डिझेल गाडीत इंजेक्टरच्या नळीत दीड-दोन हजार बारचा दाब असतो. टायरमध्ये साधारण दोन असतो, त्यावरून समज. तिथली गळती शोधायला कुणी बोट फिरवलं तर डिझेलची धार कातडीतून आत जाते. वरून टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत मांस सडायला लागतं. तेवढ्या खुणेसाठीही लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जायचं आणि आत डिझेल शिरलंय हे तिथं सांगायचं. सीएनजीची टाकी भरलेली असते २०० बारला. तिची दर तीन वर्षांनी चाचणी सक्तीची आहे. त्या नळ्यांना परवाना असलेल्याशिवाय कुणी पाना लावायचा नाही. एसीचा गॅस उघड्यावर सोडायचा नाही, हात गोठून भाजतो.

भाची : एअरबॅगही यातच येते. २०१९ पासून नव्या मोटारीत चालकासमोर ती सक्तीची आहे. स्टिअरिंगजवळ पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या की त्या तिच्या. बॅटरी काढल्यावरही काही मिनिटं तिच्यात चार्ज उरतो.

मामा : आणि विजेवरच्या गाड्यांत नारंगी केबल. बॅटरी तीनशे-चारशे व्होल्टची. तिथं माझा सगळा अनुभव शून्य. माझ्या शेडमध्ये तशी गाडी आली तर मी टायरची हवा बघतो, वायपर बदलतो आणि बाकीच्या कामाला दुसरीकडं पाठवतो. ज्यानं त्याचं शिक्षण घेतलंय त्यानंच ते करायचं, रबरी हातमोजे घालून, मेन प्लग काढून, सांगितलेली वेळ थांबून, मीटरनं तपासून.

भाची : तुमच्या तोंडून 'मला येत नाही' पहिल्यांदा ऐकलं.

मामा : तेच म्हणता येतं म्हणून मला मिस्त्री म्हणतात.

भाची : मग सरळ असं का म्हणत नाही, की सगळं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला द्या आणि निश्चिंत राहा?

मामा : ते मी म्हणणार नाही. त्यांनी आम्हाला किती वर्षं बाहेर ठेवलं ते तुला ठाऊक आहे का? स्कॅनर द्यायचा नाही, दुरुस्तीची पुस्तकं द्यायची नाहीत, अस्सल पार्ट फक्त त्यांच्याच काउंटरवर. २०१४ च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला, तो याचसाठी. बाहेरच्या गॅरेजला पार्ट आणि माहिती द्या, असं सांगितलं. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी नाकारू नका, असंही सांगितलं. कंपन्या अपिलात गेल्या. पण मुद्दा तिथं पक्का झाला. माहिती लपवल्यानं गाडी सुरक्षित होत नाही. माहिती नसलेला मिस्त्री अंदाजानं काम करतो, आणि ब्रेकमध्ये अंदाज चालत नाही.

भाची : हेच तर मी म्हणतेय! फक्त मी ते मालकापर्यंत नेते. ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी वेगळं पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत. पुस्तक तुम्हाला मिळायला हवं तसं मलाही.

मामा : तुला वाचायला, मला करायला. हक्क मिळाला म्हणून हात तयार होत नाही.

भाची : वाचलं नाही तर तुम्ही केलेलं बरोबर की चूक, हे मला कसं कळणार? पॅड खरंच झिजले होते का, ऑइल कुठल्या दर्जाचं घातलं, नट किती आवळले? काम मी नाही केलं तरी प्रश्न मीच विचारणार. जुना पार्ट परत मागणार. कामाची तारीख, किलोमीटर, काय बदललं, हे लिहून घेणार. प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक समोर असलं की ठोकळाही लागतो आणि घोडीही लागते. हेही सुरक्षेचंच काम आहे.

मामा : बरं, मग राहिलं काय तुझ्याकडं? पहिला ढीग तुझा. दुसऱ्यातलं ऑइल बदलणं?

भाची : ते तर नक्की. गाडी घोड्यांवर, इंजिन कोमट, हातात मोजे, नवीन वॉशर, फिल्टरच्या रबराला बोटानं थोडं ऑइल, आणि डिपस्टिकच्या वरच्या खुणेपलीकडं एक थेंबही नाही. चूक झाली तर हळू कळते. तुम्हीच मान्य केलंत.

मामा : तुला कळते. जुनं ऑइल कुठं जाणार?

भाची : बाटलीत भरेन. मग... कचऱ्याच्या गाडीत?

मामा : आमच्या गावाच्या कडेनं मुळा-मुठा वाहते. पुढं ती भीमेला मिळते, तिथून उजनी धरण. सगळ्या शहराची घाण घेऊनच ती इथं येते, त्यात आपण भर घालायची नाही. वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ चे नियम आहेत. माझ्याकडं ड्रम आहे. भरला की परवाना असलेला माणूस नेतो. तुझे तीन-चार लिटर न्यायला तुझ्या तळघरात कोण येणार? कचऱ्याच्या गाडीत बाटली फुटली की ते झाडूवालीच्या हाताला लागतं. ते काळं ऑइल रोज हाताला लागणं कातडीला वाईट, वर्षानुवर्षं लागलं तर कर्करोगापर्यंत जातं. तूच म्हणालीस ना, चूक कधी कळेल ते विचारायचं? आणखी एक विचार. कुणाला कळेल?

भाची : (जरा थांबून) हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता. ठीक. ऑइल तुमच्याकडं. बॅटरीसुद्धा बदलली की जुनी दुकानातच परत.

मामा : मग तुझ्याकडं उरले फिल्टर, वायपर, बल्ब, हवा, पाण्याची पातळी आणि पंक्चर झालं तर चाक.

भाची : आणि नजर. दर रविवारी बॉनेट उघडून बघणार. पट्टा चिरलाय का, उंदरांनी वायर कुरतडलीय का, टायरची खाच १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत झिजलीय का, खाली कसला डाग आहे. तुमच्याकडं गाडी सहा महिन्यांनी येते, मी रोज बसते. बिघाड आधी मलाच दिसायला हवा. गाडीला हात लावायचाच नाही असं ठरवणारा मालक हेही बघत नाही, आणि मग घाटात थांबतो. हे मी सोडणार नाही.

मामा : ते सोड असं मी म्हटलंच नाही. पण एकटीनं गाडीखाली जायचं नाही. कुणीतरी हाकेच्या अंतरावर हवं, आणि त्याला गाडी परत जॅकनं उचलता यायला हवी. ही अट.

भाची : मान्य. माझ्या तीन अटी. पोरग्याला पुढं पोलादी टोपी असलेले बूट आणि गॉगल. पेट्रोलचा डबा शेडबाहेर. दाराजवळ अग्निशामक. हे झालं की ब्रेकचं काम मी तुमच्याकडंच देईन, आणि काम चाललं असताना शेजारी उभी राहीन.

मामा : उभी राहा, पण गप्प उभी राहा. मधे बोललं की मोजलेले नट विसरतात. आणि बूट-गॉगलचे पैसे?

भाची : मजुरीत धरा. घासाघीस करणार नाही.

मामा : भाचीकडून मजुरी घेतली तर तुझी आई मला घरात घेणार नाही.

भाची : आईचं मी बघते. तुम्ही पूर्ण मजुरी घ्या आणि पक्की पावती द्या, काय काय केलं ते लिहून. फुकटात केलेल्या कामाला मला प्रश्न विचारता येत नाहीत.